४२ दिवसांचा आहार-व्यायाम कार्यक्रम पूर्ण केला, पण बोलायचंय ते ४३व्या दिवसाबद्दल

पहाटवारा

सहा आठवड्यांचा आहार-व्यायाम कार्यक्रम पूर्ण करून मला आज तीन महिने झाले. संपला त्याच दिवशी लिहायला बसणार होतो, पण मुद्दाम थांबलो. याआधी दोनदा असे कार्यक्रम केले आहेत. दोन्ही वेळा शेवटच्या दिवशी भेटेल त्याला आकडे सांगत सुटलो आणि दोन्ही वेळा वर्षाच्या आत उतरलेलं वजन परत आलं, दुसऱ्या खेपेला तर दोन किलो जास्तच. म्हणून यावेळी ठरवलं की तीन महिने जाऊ द्यायचे आणि मग जे टिकलंय तेवढ्याबद्दलच बोलायचं.

आधी आकडे देतो. वय ४४, दिवसभर खुर्चीत बसून काम. रोजच्या गरजेपेक्षा साधारण ५०० कॅलरी कमी खायचं, आठवड्यातून तीन दिवस बैठका, जोर आणि डंबेल्स, तीन दिवस भरभर चालणं, एक दिवस पूर्ण सुट्टी. सुरुवातीला वजन ८६.४ किलो, ४२व्या दिवशी ८१.७, आज सकाळी ८१.९. कंबर १०१ सेंटीमीटर होती, ९६ झाली, आज ९५ आहे.

आता हिशेब करून बघा. दिवसाला ५०० प्रमाणे ४२ दिवसांची तूट होते २१,००० कॅलरी. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरतात. म्हणजे चरबी उतरली असेल तर पावणेतीन किलोच्या आसपास. मग ४.७ किलो कुठून आले? वरचं बरंचसं पाणी होतं. हे आधीच्या दोन्ही वेळांना मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तेच महागात पडलं. पुढे त्यावर येतोच.

खाणं मोजायला लागलो तेव्हा पहिले दोन दिवस अंदाजानेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून तेलाची बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, आकडा वहीत टिपला, नेहमीच्या हाताने भांड्यात तेल ओतलं आणि बाटली परत काट्यावर ठेवली. ३४ ग्रॅम गेलं होतं. बाटली पुसून पुन्हा ठेवली, आकडा तोच. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे तीनशेच्या वर. त्या भांड्यातलं खाणारे आम्ही दोघं, तेव्हा माझ्या वाट्याला दीडशे. दोन वेळचं धरलं तर तीनशे. वहीत मी दर जेवणापुढे 'तेल एक चमचा' लिहीत होतो. चहाचा एक चमचा तेल म्हणजे साडेचार ग्रॅम, चाळीस कॅलरी. दिवसाकाठी सव्वादोनशेची तफावत एकट्या तेलात, आणि माझी ठरवलेली तूट होती पाचशेची! त्या दिवशी मला कळलं की आधीच्या वेळी 'मी इतकं कमी खातोय तरी वजन हलत नाही' ही माझी तक्रार कशी तयार झाली होती. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशीच तक्रार असणाऱ्या लोकांवरचा एक छोटा अभ्यास आला होता. ते प्रत्यक्ष खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. त्यांना मी खोटारडे म्हणणार नाही. बाटली काट्यावर ठेवेपर्यंत मीसुद्धा मनापासून खरंच लिहीत होतो.

व्यायामाचं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात अंग असं आंबलं की तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. चढताना नाही, उतरताना. हे दुखणं व्यायामानंतर एक ते तीन दिवसांनी सगळ्यात जास्त असतं आणि आपण समजतो तसं ते लॅक्टिक अॅसिड साचून होत नाही, ते तर तासाभरात निघून जातं. स्नायूंवर, विशेषतः ताणत ताणत भार सोडताना, सवय नसलेला ताण पडतो त्याचं ते दुखणं. दुसऱ्या आठवड्यात कमी झालं. गुडघ्याचं मात्र वेगळं होतं. कार्यक्रमाच्या व्हिडिओत उड्या मारायच्या होत्या, मी ८५ किलोचा माणूस व्हिडिओतल्या माणसाच्या बरोबरीने मारत राहिलो आणि उजवा गुडघा आतून टोचायला लागला. स्नायूचं आंबणं आणि सांध्याचं टोचणं यातला फरक ओळखायला मला चार दिवस लागले. उड्या कायमच्या बंद केल्या, त्याऐवजी खुर्चीवरून उठबस. आठवड्याभरात गुडघा शांत झाला. कार्यक्रमाच्या कागदावर छापलंय म्हणून ते आपल्या सांध्याला झेपलंच पाहिजे असं काही नसतं.

जोर सुरुवातीला टेबलावर हात टेकून आठ निघायचे. सहाव्या आठवड्यात जमिनीवर अकरा निघाले. इतक्या थोड्या दिवसांत स्नायू काही फार वाढत नाहीत, मज्जासंस्था आहे ते स्नायू नीट वापरायला शिकते. पण मला त्या अकरांचा आनंद साडेचार किलोंपेक्षा जास्त झाला, अजूनही आहे.

आणि आता ४३वा दिवस. गजर लावला नव्हता तरी साडेपाचला जाग आली. फ्रिजवर कागद चिकटवला होता, त्यावर बेचाळीस चौकोन, सगळे निळ्या पेनाने भरलेले. दाराशी बूट. मी बूट घालायला बसलो, एका पायात घातला आणि थांबलो. भरायला चौकोनच नव्हता. आधीच्या दोन्ही वेळी मी नेमका इथेच परत जाऊन झोपलो होतो. 'एवढं केलंय, आठवडाभर आराम' असं म्हणून. मग त्या आठवड्यात वजन दीड किलोने वाढलेलं दिसायचं, वाटायचं की सगळं पाण्यात गेलं, आणि मग खरोखरच सोडून द्यायचो.

यावेळीही वाढलं. नेहमीसारखं पोटभर जेवायला लागल्यावर आठ दिवसांत काटा ८३.१ वर गेला. पण यावेळी मला ते येणार हे माहीत होतं. पाचव्या आठवड्यातच मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं की पुढे काय चालू राहणार: चालणं रोज, ताकदीचा व्यायाम तीनऐवजी दोन दिवस, तेल आणि खाऱ्या दाण्यांसारख्या गोष्टी काट्यावर, बाकी काहीही मोजायचं नाही. आणि वजन ८४ च्या वर गेलं तर दोन आठवडे पुन्हा सगळं मोजायचं. ८४ ला अजून पोचलो नाही. ८३.१ वरून हळूहळू, अगदी कंटाळा यावा इतक्या हळू, खाली आलो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की असा कार्यक्रम निवडताना 'किती दिवसांत किती किलो' याच्या आधी 'तो संपल्यावर दुसऱ्या दिवशी काय' हे विचारा. तुमचे अनुभव वाचायला आवडतील, फसलेले असतील तर तेही.

निळीशाई

मनापासून लिहिलंय, तेलाचा परिच्छेद दोनदा वाचला. मी सध्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात आहे, तिसरा आठवडा संपला. पहिल्या आठवड्यात २.३ किलो गेले, नंतरच्या दोन आठवड्यांत मिळून फक्त ०.४. आमच्या गटाच्या प्रशिक्षकांनी आणखी २०० कॅलरी कमी करायला सांगितल्यात. आधीच संध्याकाळी चक्कर आल्यासारखं होतं. करू का?

पहाटवारा

निळीशाई, चक्कर येत असेल तर आणखी कमी करू नका, आधी डॉक्टरांना सांगा. हे पहिलं.

पहिल्या आठवड्यातल्या आकड्याबद्दल मी जे समजून घेतलं ते असं. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवून ठेवतं, सगळं मिळून अर्धा किलोच्या आसपास. त्याच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी झालं की हा साठा उतरतो आणि पाणीही जातं. म्हणून पहिले सात दिवस काटा झरझर खाली येतो. नंतर खरी चरबी उतरू लागते तेव्हा तोच काटा रेंगाळल्यासारखा वाटतो. तुमचे २.३ जसे पूर्ण खरे नव्हते तसे हे ०.४ पण पूर्ण खरे नसतील. टेपने कंबर मोजली का?

साधीरेघ

पहाटवारा यांना अनुमोदन. मी आहारतज्ज्ञ आहे, तेव्हा थोडं लांबण लावते.

निळीशाई, पाळी येण्याआधीच्या दिवसांत अंगात पाणी धरलं जातं, कुणाकुणाचं वजन त्यात एक-दोन किलोनेही वर दिसतं. तुमचा दुसरा-तिसरा आठवडा त्यात आला असेल तर काटा हलणार नाही, चरबी उतरत असली तरी. बायकांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करावी. पुरुषांसाठी आखलेले तक्ते बायकांच्या हातात देऊन 'तुमचं वजन का हलत नाही' असं विचारणारे प्रशिक्षक मी बरेच पाहिलेत आणि मला त्याचा फार राग येतो. तीन आठवडे हा मुळात निष्कर्ष काढायला अपुरा काळ आहे.

दुसरं, या धाग्यावर पुढे जे कुणी येतील त्यांच्यासाठी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील आणि तुम्ही अचानक खाणं कमी केलंत तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो. चक्कर येण्याचं तेही एक कारण असतं. या दोन्ही गटांतल्या लोकांनी कार्यक्रम सुरू करायच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं, आठवड्याभराने नाही. दिवसाला ८०० कॅलरींच्या खालचे आहार तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करूच नयेत. खूप वेगाने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आणि दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागले की लोक शांपू बदलतात, कारण तोवर आहार संपलेला असतो आणि त्याचा याच्याशी संबंध असेल हे डोक्यातच येत नाही. बहुतेकांचे केस परत येतात, पण तोवरची घाबरगुंडी टाळता आली असती.

प्रथिनांचंही सांगते. प्रौढ माणसाला किमान गरज वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास असते. वजन उतरवताना ताकदीचा व्यायाम करत असाल तर १.२ ते १.६ पर्यंत न्यावं, म्हणजे स्नायू कमी झिजतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे लागू नाही, तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच.

उंबरा

माझं मत वेगळं आहे आणि ते मांडणं मला गरजेचं वाटतं.

एकविसाव्या वर्षी मी असाच तीस दिवसांचा कार्यक्रम केला होता. तो मी 'यशस्वी' पूर्ण केला. त्यानंतरची चार वर्षं मी ताटातला प्रत्येक घास आकड्यात बघत होते. मैत्रिणीच्या लग्नात जेवणाआधी घरी जाऊन काट्यावर उभी राहून आले. दिवसातून सहा-सात वेळा वजन करायचे. त्यातून बाहेर यायला समुपदेशकांची मदत घ्यावी लागली. त्या काळात सगळे माझं कौतुक करत होते, हे मला आजही विसरता येत नाही.

१९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण, धडधाकट स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. दिवसाला १,६०० च्या जवळपास कॅलरी. त्यांचं वजन पावभागाने उतरलं, पण त्याबरोबर ते चिडचिडे, खिन्न झाले आणि दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागले. पोटभर खायला मिळू लागल्यावरही बऱ्याच जणांची भूक कितीतरी दिवस ताळ्यावर आली नाही. ते मनाने दुबळे होते म्हणून असं झालं नाही, भूक माणसाचं असं करते. तुम्ही ज्याला ४३वा दिवस म्हणता तो माझ्यासाठी चार वर्षं चालला. तेव्हा तेल काट्यावर ठेवा हा सल्ला सगळ्यांसाठी नाही, कृपा करून एवढी ओळ तरी तुमच्या लेखात घाला.

पहाटवारा

उंबरा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमचं बरोबर आहे. मी माझ्या स्वभावावरून लिहिलं. मला आकडा दिसला की मन शांत होतं, तुमच्या बाबतीत तोच आकडा मागे लागला. लेखात बदल करता येत नाहीये, म्हणून इथेच ठळक लिहितो: ज्यांना खाण्यावरून, वजनावरून मनाचा त्रास आधी झालाय किंवा आत्ता होतोय त्यांनी माझी मोजण्याची पद्धत वापरू नये. चालणं आणि ताकदीचा व्यायाम काट्याशिवायही करता येतो. माझ्या घरात किशोरवयीन मुलगी आहे. तिच्यासमोर मी वही उघडायची नाही हे आम्ही दोघांनी चौथ्या दिवशीच ठरवलं होतं. हेही मुळात लिहायला हवं होतं.

साधीरेघ

उंबरा यांचा प्रतिसाद महत्त्वाचा आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या भेटीत विचारते की यापूर्वी खाण्याबद्दल अपराधी वाटून उपाशी राहणं किंवा उलट्या काढणं असं काही घडलंय का. होय आलं की वही-काटा बाजूला.

४३व्या दिवसाबद्दल अजून थोडं. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं होतं, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. स्पर्धेत त्यांचं सरासरी ५८ किलो वजन उतरलं होतं, त्यातलं सरासरी ४१ किलो परत आलेलं होतं. आणि विश्रांती घेताना शरीर जितक्या कॅलरी खर्च करतं, त्या त्यांच्या आताच्या शरीराच्या मानाने अपेक्षेपेक्षा दिवसाला ५०० च्या आसपास कमी होत्या. सहा वर्षांनीसुद्धा! ती फार टोकाची घट होती, पहाटवारांच्या चार-पाच किलोंशी तिची बरोबरी नाही. पण माझ्याकडे लोक 'इच्छाशक्ती कमी पडली' म्हणून मान खाली घालून बसतात तेव्हा मी त्यांना हे आवर्जून सांगते.

उलट बाजूही आहे. अमेरिकेतच १९९४ पासून एक नोंदवही चालवली जाते. किमान १३.६ किलो उतरवून ते किमान वर्षभर टिकवलेले लोक त्यात नाव नोंदवतात, दहा हजारांवर झालेत. त्यातले बहुतेक जण रोज सरासरी तासभर हालचाल करतात आणि चारांतले तीन जण आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. वजन कशाने उतरवलं याच्या तऱ्हा मात्र त्यांच्यात वेगवेगळ्या आहेत.

एकपाऊल

फसलेले अनुभव विचारलेत म्हणून लिहिते. माझे २१ दिवस होते, १९व्या दिवशी सोडलं. धाकट्याला ताप आला, तीन रात्री जागून काढल्या, चौथ्या दिवशी गटात लिहायचं होतं 'आज झालं नाही', ते लिहायची लाज वाटली आणि गटातूनच बाहेर पडले. दोनच दिवस उरले होते. गटात नियम होता की एक दिवस चुकला तर पहिल्यापासून मोजायचं. अजूनही तो कागद खणात आहे, फाडवत नाही आणि बाहेरही काढवत नाही. दोन महिने झाले.

पहाटवारा

एकपाऊल, तो नियमच चुकीचा होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला होता की रोजची एखादी कृती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात. सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. 'पहिल्यापासून मोजा' याला काहीही आधार नाही. तुमचे एकोणीस दिवस झालेले आहेत, ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

माझ्या बेचाळीस चौकोनांबद्दलही प्रामाणिकपणे सांगतो. त्यातले पाच अर्धेच भरलेले आहेत. दहा मिनिटं चाललो की अर्धा चौकोन, असं मी दुसऱ्या आठवड्यात ठरवलं, पाऊस आणि कामाचा ताण एकदम आले तेव्हा. तो अर्धा चौकोन नसता तर मीही सोडलं असतं.

दुसरीपाळी

वाचनखूण साठवली. माझी कामाची पाळी आठवड्याला बदलते. रात्रपाळीच्या आठवड्यात कितीही ठरवलं तरी पहाटे तीन वाजता बिस्किटांचा पुडा संपतो. दिवसपाळीत असं होत नाही. कार्यक्रम मी पूर्ण केला, चार आठवड्यांचा, पण वजन फक्त दिवसपाळीच्या आठवड्यांत उतरलं. झोपेबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही म्हणून विचारतो.

साधीरेघ

दुसरीपाळी, विचारलंत ते बरं झालं. शिकागो विद्यापीठात १० जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली आला. आहार तोच, कॅलरी तेवढ्याच, फक्त एकदा १४ दिवस साडेआठ तास झोपायला दिले आणि एकदा साडेपाच. दोन्ही वेळा वजन साधारण सारखंच उतरलं, तीन किलोंच्या आसपास. पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी १.४ किलो होती आणि कमी झोपेत फक्त ०.६. बाकीचं स्नायू, पाणी अशा चरबी सोडून इतर भागांतून गेलं. दहाच लोक होते हे खरं, पण काटा सारखंच बोलत असताना आत किती वेगळं चाललेलं असू शकतं ते यातून दिसतं.

रात्रपाळीच्या आठवड्यात वजन उतरवायचं ध्येय ठेवूच नका, आहे ते टिकवा. पाळीवर जायच्या आधी नीट जेवा, पहाटेसाठी उकडलेली अंडी, फळ, कडधान्य असं काहीतरी डब्यात न्या आणि पुडा घरी ठेवा. दिवसा झोपताना खोलीत अंधार करा, फोन दुसऱ्या खोलीत.

सांजवेळ

मी ६७ वर्षांचा आहे. मुलीने आग्रह केला म्हणून बारा आठवड्यांच्या कार्यक्रमात गेलो. माझं वजन फक्त एक किलो उतरलं आणि मुलगी हिरमुसली. मी मात्र खूष आहे, त्याचं कारण सांगतो. पहिल्या दिवशी त्यांनी ३० सेकंदांत खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येतं ते मोजलं होतं. मी नऊदा उठलो. शेवटच्या दिवशी चौदा. आता जमिनीवर नातवाशेजारी बसलो की उठताना कुणाचा हात मागावा लागत नाही. आधी मी बसायचंच टाळत होतो आणि घरात कुणाला ते माहीत नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम असं आहे. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत असंही त्यात आहे. आमच्या वयाचे सगळे फक्त चालतात. चाला, पण चालण्याने मांडीत तेवढा जोर येत नाही हे मला बारा आठवड्यांत कळलं. पहाटवारा, तुमचे अकरा जोर वाचून आनंद झाला. ते सोडू नका.

पहाटवारा

सांजवेळ काका, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते ७२ वर्षांचे आहेत. ऐकल्यावर काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पाहिलं तर खुर्ची भिंतीला टेकवून उठबस करून बघत होते. सहा झाल्या.

निळीशाई

अपडेट देते. डॉक्टरांकडे जाऊन आले, रक्तदाब खाली होता. कॅलरी आणखी कमी करायच्या नाहीत असं ठरलं, उलट दीडशे वाढवल्यात. प्रशिक्षकांना तसं सांगितलं, ते थोडे नाराज झाले. चार दिवस झाले, चक्कर नाही. कंबर मोजली, तीन आठवड्यांत अडीच सेंटीमीटर कमी आहे आणि मला पत्ताच नव्हता.

आणि बाटली काट्यावर ठेवली. ४१ ग्रॅम! मला एक कळत नाही, भांडं सगळ्यांचं एकच असेल तर आपल्या वाट्याला किती आलं हे कसं काढायचं? आम्ही पाच जण आहोत, प्रत्येक जण वेगवेगळं वाढून घेतो.

पहाटवारा

रिकाम्या भांड्याचं वजन एकदाच करून झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. शिजल्यावर भरलेलं भांडं काट्यावर ठेवा, त्यातून रिकाम्याचं वजन वजा केलं की पदार्थाचं वजन मिळालं. मग तुमच्या ताटात जेवढा वाढून घ्याल तेवढाच मोजा. समजा १,२०० ग्रॅम झालं आणि तुम्ही २०० घेतलं तर सहावा भाग, म्हणजे ४१ ग्रॅम तेलातलं जवळजवळ सात ग्रॅम तुमचं. आठवडाभर केलंत की डोळ्याला अंदाज बसतो, मग रोज करायची गरज राहत नाही.

एकपाऊल

मुलगा बरा आहे. खणातला कागद आज काढला. विसावा चौकोन अर्धा भरला, बारा मिनिटं चालून आले.